रविवारी मन भरून येतं, सोमवारी देव आठवतही नाही. काय करावं?

तुम्ही विचारलंय की चर्चमध्ये असताना देव अगदी जवळ वाटतो, पण ऑफिस सुरू झालं की सगळं आटतं. मग रोजच्या धावपळीत त्याच्याशी नातं कसं टिकवायचं?

आधी ते 'वाटणं' जरा बाजूला ठेवा. काही जाणवलं नाही म्हणून प्रार्थना वाया जात नाही. आज मन लागत नाही, उद्या बघू, असं म्हटलं की खंड पडलाच.

माझा आधार स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं देवाला उद्देशून म्हटलेल्या गीतांचं पुस्तक. स्तोत्रं 150, रोज पाच म्हटली तर महिन्यात पुरी होतात, पण नोकरदार माणसाला रोज एक पुष्कळ झालं. मात्र ते मोठ्याने म्हणायचं. स्वतःचे शब्द सुचत नसले तर तिथले उसने घ्यावेत. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडीही 22व्या स्तोत्राचेच शब्द आले. आणि सगळीच स्तोत्रं 23व्यासारखी हिरव्या कुरणातली, निवांत नाहीत. 13वं काढून बघा. सहाच वचनं, आणि सुरुवातच 'देवा, कुठवर मला विसरणार?' अशा जाब विचारण्याने. 88वं तर अंधारातच संपतं. साहेबाचा राग, थकलेला हप्ता, आईचं दुखणं, सगळं घेऊन देवापुढे बसता येतं. आपल्याकडे प्रार्थनेत फार गोड बोलतात. 'हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ पित्या' म्हणेस्तोवर निम्मा वेळ संपतो!

वेळ मिळत नाही म्हणाल, तर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचा. कफर्णहूम गावात सूर्य मावळल्यावरही दारात रोग्यांची गर्दी, आणि येशू दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून एकांतात गेला. तिथेही शिष्य शोधत आलेच. पहाट जमत नसेल तर स्तोत्र बसमध्ये म्हणा, पण छापील बायबलातून. मोबाईलवर वचनाआधी व्हॉट्सअॅप उघडतं. स्वयंपाक करताना किंवा गाडीवर ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणा, 'उपासना संगीत' या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकात भरपूर आहेत.

रात्री घरच्यांबरोबर निदान येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणाच, पोरं पेंगत असली तरी. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या क्षमेच्या ओळीला, दिवसभरात ज्याच्याशी वाजलं तो हटकून डोळ्यांपुढे येतो. मी तिथे क्षणभर थांबतो. कधी कधी सकाळी त्याला फोन करावा लागतो.