हौस करा, पण निवृत्तीच्या पैशांतून नको

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे जुने होम कॉम्प्युटर जमवायचा नाद आहे. एका संग्राहकाकडे कधीच विक्रीला न आलेल्या वेफरटेप ड्राइव्हचा, म्हणजे टेपवर प्रोग्रॅम साठवणाऱ्या यंत्राचा, प्रोटोटाइप आहे, साडेआठ हजार डॉलर मागतो. ४०१ के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, कर्ज काढून घ्यावा म्हणतो. दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल असा माझा अंदाज आहे. मग तो निवृत्तीच्या गुंतवणुकीतच धरायला काय हरकत आहे? बायकोचा विरोध आहे. माझ्या संग्रहाची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर : हरकत आहे. आणि या बाबतीत मी वहिनींच्या बाजूचा.

आधी तुमचाच अंदाज खरा धरू. दहा वर्षांनी ड्राइव्ह सतरा हजारांना गेला. लिलावाच्या संकेतस्थळाचं कमिशन १३ टक्के धरलं तर हातात १४,७९० डॉलर येतील. तेच साडेआठ हजार ४०१ के मध्ये सहा टक्क्यांनी वाढले, तर १५,२०० च्या पुढे जातात. म्हणजे तुमचं स्वप्न पूर्ण होऊनही तुम्ही मागेच. त्यात नफ्यावर कर. सरकारने वस्तू संग्राह्य मानली तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावरही २८ टक्क्यांपर्यंत. तोटा झाला आणि ती हौसेची, स्वतःच्या वापराची वस्तू ठरली, तर त्याची वजावट मात्र नाही.

कर्जाचं व्याज आपल्याच खात्यात परत येतं, असं तुम्ही म्हणाल. येतं. पण नोकरी सुटली की उरलेली रक्कम सहसा त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती काढलेली रक्कम समजून आयकर, वर तुमच्या वयाला सहसा १० टक्के दंड. सॉफ्टवेअरमधली नोकरी आज किती भरवशाची, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता वस्तूकडे बघू. १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने (टीआय) सीसी-४० काढला : चार पेन्सिल सेलवर चालणारा, ३१ अक्षरांच्या एका ओळीचा पडदा असलेला, २४९ डॉलरचा छोटा कॉम्प्युटर. त्याला प्रोग्रॅम साठवायला हेक्स-बसवर, म्हणजे टीआयच्या जोडणीच्या तारेवर, जोडायचा हा वेफरटेप ड्राइव्ह येणार होता. आत बारीक टेपचं अखंड वेटोळं. ते भरवशाचं ठरेना, म्हणून ड्राइव्ह दुकानात पोचलाच नाही. सीसी-४० साठवणुकीवाचून राहिला. तिकडे कमोडोर या प्रतिस्पर्धी कंपनीशी किमतीच्या लढाईत टीआयचा मुख्य होम कॉम्प्युटर ९९/४ए पार शंभर डॉलरच्या खाली आला आणि २८ ऑक्टोबर १९८३ ला कंपनीने होम कॉम्प्युटरचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा तुम्ही जी वस्तू घेताय, ती चालत नव्हती म्हणूनच दुर्मीळ आहे. तिचं काम आज हौशी मंडळींनी बनवलेलं एसडी कार्डाचं जोडणीयंत्र कितीतरी कमी पैशांत करतं. उपयोगाची किंमत शून्य, राहिली ती फक्त दुर्मीळपणाची. आणि तो दुर्मीळपणा कुणाच्या हातात? टीआयचा हा विभाग लबकला होता, तुमच्यापासून गाडीने पाचएक तासांवर. तिथल्या एखाद्या निवृत्त इंजिनिअरच्या गॅरेजमधून उद्या आणखी चार ड्राइव्ह निघाले, तर तुमचा भाव त्याच दिवशी खाली येईल. लहानपणी ९९/४ए वर खेळलेली अमेरिकन पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. दहा वर्षांनी ती मंडळी घेणार, की स्वतःचेच संग्रह विकायला काढणार?

एवढं असूनही घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी म्हणतो असतं, फक्त ते वेगळ्या डब्यातून द्यायचं. तुमच्या यादीत दोन जादा एक्सपान्शन बॉक्स (कॉम्प्युटरला जोडायच्या वाढीव पेट्या) आणि बरीच दुबार कार्ट्रिजं दिसतात. ती आधी विका. ते पैसे आणि वर्षभराच्या छंदाचं बजेट मिळून जे होईल, ती तुमची मर्यादा. माझ्या हिशेबाने पाच-साडेपाच हजार. हे पैसे बुडालेच, असं धरून चालायचं.

पैसे देण्याआधी झाकण उघडून बोर्डाचे स्पष्ट फोटो मागा. चिपांवर चार आकडी तारीख असते : ८३२१ म्हणजे १९८३ चा एकविसावा आठवडा. एखादी चिप १९८५ ची निघाली, तर ती नंतर दुरुस्तीत आली का, कोणी घातली, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे. प्रोटोटाइपमधला प्रोग्रॅम बहुधा ईप्रॉम नावाच्या साठवणीच्या चिपमध्ये असतो. त्या चिपवर छोटी काचेची खिडकी असते आणि प्रकाश जाऊ नये म्हणून वर स्टिकर. स्टिकर सुटलं असेल तर चिंता. नसलं तरी चाळीस वर्षांत आतला विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणून मजकूर वाचून प्रत काढली आहे का ते विचारा. रबराचे भाग चिकट होऊन वितळलेत का, तेही. आणि मुख्य म्हणजे हा नग टीआयमधून बाहेर कसा पडला, कोणाकोणाच्या हातातून गेला, याचं लेखी काही आहे का. कागद नसेल तर माझ्या लेखी भाव निम्मा.

घेतलात तर घराच्या विम्यात त्याची स्वतंत्र नोंद करून घ्या. साध्या पॉलिसीत भरपाई ठरवणाऱ्याला तो जुना टेप ड्राइव्हच वाटेल. वहिनींना आणि मुलीलाही तो काय आहे, विकायची वेळ आली तर कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून द्या.

विक्रेत्याला आजच कळवा : आतले फोटो आणि मालकीचा इतिहास आला तर पाच हजार रोख, महिनाभराची मुदत. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय असं तो म्हणाला, तर त्याला खुशाल देऊ द्या.