लिबर्टेरियनला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘रॉबर्ट नॉझिक यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. लिबर्टेरियन या शब्दाला एकीकडे उदारमतवादी सापडलं, दुसरीकडे स्वैरतावादी. कोणतं घेऊ?’

दोन्ही नकोत. लिबर्टेरियन म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य सगळ्यांत वर ठेवून सरकार कमीत कमी असावं असं म्हणणारा; अमेरिकी तत्त्वज्ञ नॉझिक त्यांतलेच.

‘उदारमतवादी’ घेतलंत तर लेख दुसऱ्याच परिच्छेदात अडखळेल. नॉझिक १९६९मध्ये हार्वर्डला प्राध्यापक झाले, तिथे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स त्यांचे सहकारी. रॉल्स यांचं न्यायावरचं जाडजूड पुस्तक १९७१चं, तर राज्यसंस्थेवरचं नॉझिक यांचं पुस्तक १९७४चं आणि बरंचसं त्याला उत्तर म्हणून लिहिलेलं. रॉल्स म्हणतात, विषमता राहिलीच तर ती तळाच्या माणसाच्या हिताची हवी. नॉझिक विचारतात, कोणी कोणाकडून काही हिसकावलेलं नसताना फेरवाटप करणारं सरकार कोण? मराठीत उदारमतवादी म्हणजे लिबरल. रानडे-गोखल्यांपासून ही खूणगाठ पक्की आहे. मग तो शब्द रॉल्स यांना द्यावा लागतो. भांडणातल्या दोन्ही पक्षांना एकच नाव दिलं तर वाचकाला भांडण कसं कळणार?

‘स्वैरतावादी’ तर अन्यायच. स्वैर म्हटलं की आपल्याला स्वैराचार आठवतो. नॉझिक यांची सुरुवातच मुळी अशी की माणसाला हक्क आहेत आणि काही गोष्टी त्याच्याशी कोणालाच, अगदी समूहालाही, करता येत नाहीत. यात मोकाट सुटण्यापेक्षा कुंपणच जास्त आहे. ‘अराज्यवादी’ही चालणार नाही, कारण पुस्तकाचा पहिला भाग अराज्यवाद्यांनाच उत्तर देतो: कोणाचे हक्क न मोडताही राज्य उभं राहू शकतं, फक्त ते मारहाण, चोरी, फसवणूक रोखण्यापुरतं आणि करार पाळले जातील एवढं पाहण्यापुरतं असावं.

अशा राज्याला ‘रात्रीचा पहारेकरी’ म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकात जर्मन समाजवादी लासाल यांनी टिंगल म्हणून ठेवलेलं. आपल्या गावगाड्यातला ‘जागल्या’ इथे किती चपखल बसला असता! पण हल्ली भ्रष्टाचार उघड करणाऱ्यालाही जागल्या म्हणतात, म्हणून हात आखडता घेतो.

‘व्यक्तिस्वातंत्र्यवादी’ मला सुरुवातीला आवडला होता, पण आगरकर आडवे आले. व्यक्तिस्वातंत्र्याचा त्यांच्याएवढा कैवारी मराठीत शोधावा लागेल, तरीही १८९१च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलींचं शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणाऱ्या, कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. सरकारने घरात डोकावू नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. म्हणजे या शब्दात स्वातंत्र्य येतं, पण सरकारच्या हातपाय पसरण्याबद्दलची धास्ती येत नाही.

माझं मत ‘स्वातंत्र्यवादी’ला. त्यातही ती धास्ती आपोआप येत नाही, शिवाय स्वातंत्र्यसैनिकांचा वास येतो, हे मान्य. पण हा शब्द अजून कोणाच्या नावावर फारसा चढलेला नाही, त्यामुळे अर्थ भरायला जागा आहे. पहिल्या उल्लेखाला ‘स्वातंत्र्यवादी, म्हणजे लिबर्टेरियन’ असं लिहा आणि पुढे बिनधास्त वापरा.

याहून मोठा खड्डा पुढे आहे, तो ‘एंटायटलमेंट’चा. कोशात बघून ‘पात्रता’ लिहू नका. नॉझिक यांचं गाजलेलं उदाहरण बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं. तुम्हाला हवी तशी न्याय्य वाटणी आधी करून टाका. मग प्रत्येक तिकिटामागे पंचवीस सेंट चेंबरलेनला, असा करार होतो. हंगामात दहा लाख लोक राजीखुशीने येतात आणि त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. वाटणी बिघडली, पण अन्याय कुठल्या क्षणी झाला? इथे चेंबरलेन त्या पैशाला पात्र आहे का, हा प्रश्नच नाही. तो त्याचा हक्कदार आहे. आजोबांची जमीन नातवाला मिळते तेव्हा त्याची लायकी कोण तपासतं? म्हणून ‘हक्कदारी’ लिहा. हा फरक निसटला की अख्खं पुस्तक गुणवत्तेची भलामण वाटू लागतं, आणि नॉझिक यांनी तर गुणवत्तेनुसार वाटप हे सूत्रही नाकारलं होतं.

एक जाता जाता. ‘कट्टर’ हे विशेषण लावायचं असेल तर जपून. विद्यार्थिदशेत नॉझिक समाजवादी होते, आणि १९८९च्या पुस्तकात आपली जुनी भूमिका अपुरी वाटते असं त्यांनी स्वतःच लिहिलं. २००२मध्ये ते गेले, पण त्याआधी, आपण ती भूमिका सोडल्याच्या बातम्या अतिरंजित आहेत, असंही सांगून गेले.