सबव्हर्जनवरून गिटवर: इतिहास न्यावा की सोडावा?

प्रश्न : आमचा मुक्तस्रोत प्रकल्प २००६ पासून सबव्हर्जनवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) आहे, सुमारे ९,००० रिव्हिजन (नोंदलेले बदल) झाल्या आहेत. आता त्याच कामाच्या गिट या प्रणालीवर जायचं ठरलंय. जुना इतिहास सोडून फक्त आजचा कोड न्यावा, असं काही सहकारी म्हणतात. काय करावं?

उत्तर : इतिहास सोडू नका. एखादी विचित्र वाटणारी ओळ कोणी आणि कोणत्या बगसाठी लिहिली, हे पुढे त्यातूनच कळतं. परवान्याचा वाद निघाला तर कोणता भाग कोणाचा, याचा पुरावाही तोच. जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जन सोडलं, तेव्हा १९८०च्या दशकापासूनचा इतिहास सोबत नेला. तुमचं काम त्यापुढे फारच छोटं आहे.

सर्वांत जास्त वेळ लेखकांच्या यादीला द्या. सबव्हर्जनमध्ये नुसतं लॉगिनचं नाव असतं, गिटमध्ये पूर्ण नाव आणि ईमेल असतो. सबव्हर्जनच्या 'एसव्हीएन लॉग' या आदेशातून प्रत्येक नाव एकदाच काढा आणि एका ओळीत एक याप्रमाणे 'लॉगिन = पूर्ण नाव <ईमेल>' असं लिहा. ईमेल कायमचा जाहीर होणार असल्याने कोणता लिहायचा, ते ज्याचं त्याला विचारा. ही फाइल 'ऑथर्स-फाइल' या पर्यायाने दिली आणि त्यात एक नाव जरी राहिलं, तरी सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणणारं 'गिट एसव्हीएन' तिथेच थांबतं. थांबलेलं बरंच. कमिटच्या (गिटमधल्या नोंदलेल्या बदलाच्या) हॅशमध्ये, म्हणजे ओळखक्रमांकात, लेखकाचं नाव आणि आधीच्या कमिटचा हॅश दोन्ही मिसळलेले असतात. त्यामुळे रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) जाहीर झाल्यावर एक नाव दुरुस्त केलं, तर त्यापुढचे सगळे हॅश बदलतात आणि लोकांनी घेतलेले क्लोन (पूर्ण प्रती) निरुपयोगी होतात. जे सुधारायचं ते आधीच, रंगीत तालमीत, म्हणजे चाचणी म्हणून केलेल्या रूपांतरात.

'गिट एसव्हीएन' सर्व्हरकडे एकेक रिव्हिजन मागतं, म्हणून नेटवर्कवरून फार वेळ लागतो. 'एसव्हीएनआरडम्प'ने पूर्ण डम्प (साऱ्या इतिहासाची फाइल) उतरवा, आपल्या मशीनवर 'एसव्हीएनअ‍ॅडमिन लोड'ने भरा आणि तिथून क्लोन करा. क्लोन करताना 'रीराइट-रूट' या पर्यायात मूळ सर्व्हरचा पत्ता द्या, नाहीतर प्रत्येक कमिटमध्ये तुमच्या मशीनवरचा पत्ता उमटेल. ट्रंक (मुख्य कोड), ब्रँचेस (वेगळे फाटे), टॅग्ज (रिलीजच्या खुणा) अशी फोल्डरांची नेहमीची मांडणी असेल तर 'एसटीडीलेआउट' पुरतं. मांडणी मध्येच बदलली असेल, तर मात्र 'गिट एसव्हीएन'च्या नादी लागू नका. नियमांची फाइल घेणारं केडीई प्रकल्पाचं 'एसव्हीएनटूगिट' किंवा जीसीसीने वापरलेलं 'रिपोसर्जन' घ्या.

क्लोन झाल्यावर टॅग दूरच्या ब्रँच म्हणून दिसतात, त्यांचे खरे टॅग करावे लागतात. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही, म्हणून बिल्डला ते लागत असतील तर 'प्रिझर्व्ह-एम्प्टी-डर्स' द्या. एक्स्टर्नल्स (दुसऱ्या रिपॉझिटरीतून जोडलेले फोल्डर) आपोआप येत नाहीत, त्यांच्या जागी गिटमधली तशीच सोय, सबमॉड्यूल, हाताने जोडा. कोणी कधी मोठी झिप फाइल टाकून नंतर पुसली असेल, तरी ती इतिहासात असतेच. गिट रिपॉझिटरी ठेवण्याचं संकेतस्थळ गिटहब १०० एमबीवरची फाइल नाकारतं. रिपॉझिटरी जाहीर करण्याआधीच ती फाइल 'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहासातून काढा.

मग ट्रंकचा आणि प्रत्येक रिलीज टॅगचा 'एसव्हीएन एक्स्पोर्ट' (नुसत्या फाइलींची प्रत) घेऊन गिटमधल्या प्रतीशी फरक दाखवणाऱ्या 'डिफ'ने ताडा. एक्स्पोर्ट करताना 'इग्नोर-कीवर्ड्स' द्या, नाहीतर सबव्हर्जन फाइलींमध्ये आपोआप भरतं त्या आयडीच्या ओळींचे खोटे फरक दिसतील.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी सबव्हर्जनच्या 'स्टार्ट-कमिट' हुकमध्ये (कमिट सुरू होताना सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नवा पत्ता छापून शून्याखेरीज दुसरा कोड परत करा. कमिट तिथेच अडतं आणि करणाऱ्याला कारणही दिसतं. त्यानंतरच शेवटचं रूपांतर चालवा.

प्रश्न : जुन्या बग नोंदींमध्ये 'आर४५१२' असे रिव्हिजन क्रमांक आहेत. ते कसे शोधायचे?

उत्तर : रूपांतरात 'नो-मेटाडेटा' देऊ नका. मग प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली 'गिट-एसव्हीएन-आयडी'ची ओळ राहते आणि तिच्यात '@४५१२' असा क्रमांक असतो. 'गिट लॉग'ला 'ग्रेप' पर्याय देऊन तो शोधता येतो. संदेश थोडे लांबतात, ते चालवून घ्या. जुना सर्व्हरही वाचण्यापुरता चालू ठेवा, म्हणजे बग नोंदींमधले दुवे तुटणार नाहीत.