डीएनएची पत्रं : ओले कपडे, ‘ओ’ रक्तगट आणि कुरिअरचं किट

गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर डीएनएबद्दलची पत्रं कमी होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. नावं नि गावं वेगळी, पण गोंधळ तोच. म्हणून या वेळी एकगठ्ठा उत्तरं देतो. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, पत्रावरून मी कोणाचा बाप ठरवत नाही.

प्रश्न : एका जुन्या प्रकरणात पोलिसांनी माझ्या बोटांचे ठसे घेतले होते. म्हणजे माझा डीएनएही त्यांच्याकडे आहे का?

नाही. बोटांचा ठसा म्हणजे कातडीवरच्या रेघा. घोटाळा नावाने केला आहे. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना क्ष-किरण फिल्मवर काळ्या पट्ट्यांची नक्षी दिसली. ती प्रत्येक माणसाची वेगळी होती, म्हणून ‘डीएनए फिंगरप्रिंटिंग’ हे नाव पडलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी तेच काम पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून सापडलेला तुकडा वापरून केलं. हे सापाचं प्रकरण लोकांना फार आवडतं, पण ते आता इतिहासात जमा झालं. आज गुणसूत्रांवरच्या वीस-बावीस ठिकाणी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा आले आहेत, हे यंत्र मोजतं. पट्ट्या गेल्या, आकडे आले. एकसारख्या जुळ्या भावांचे हे आकडे सारखेच येतात, बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात.

प्रश्न : आम्हा नवरा-बायको दोघांचाही रक्तगट ओ, आणि मुलाचा बी आला. सासरी कुजबुज सुरू झाली आहे. डीएनए करून सगळ्यांची तोंडं बंद करू का?

ताई, तोंडं बंद करण्यासाठी चाचणी करायची नसते. आधी तिघांचेही रक्तगट दुसऱ्या, चांगल्या रक्तपेढीत पुन्हा तपासून घ्या. कार्डावर चुकीचा गट लिहिला जाणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. गट तोच आला, तर तुमच्या दोघांची ‘एच’ प्रतिजनाची, म्हणजे रक्तपेशींवरच्या एका खुणेची, तपासणी करायला सांगा. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ गट शोधला. त्याला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. या माणसांच्या रक्तपेशींवर एच नसतो. ए किंवा बी त्या एचवरच बांधला जातो, त्यामुळे अंगात बी गटाचं जनुक असूनही साध्या तपासणीत ते ‘ओ’ दिसतात. मुलाला दुसऱ्या पालकाकडून एच मिळतो आणि दडून बसलेला बी उघड होतो. संसार तिथल्या तिथे, आणि सासरचे तोंडघशी.

दुसरी गोष्ट कुजबुजीपेक्षा महत्त्वाची आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला साधं ओ रक्त दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे रक्तपेढीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा.

प्रश्न : भाच्यावर हल्ला झाला तेव्हा त्याचे रक्ताने भिजलेले कपडे आम्ही कॅरीबॅगमध्ये गाठ मारून ठेवले. पोलीस तीन दिवसांनी घेऊन गेले. प्रयोगशाळेत ते कधी पोचले, कुणी सांगत नाही. आता रिपोर्टमध्ये डीएनए मिळाला नाही असं आलंय. आरोपी सुटणार का?

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

ओलं रक्त आणि प्लॅस्टिकची पिशवी ही डीएनएची शत्रू जोडी. आत ओल कोंडते, जिवाणू आणि बुरशी माजतात, डीएनएचे तुकडे होतात. कपडा सावलीत, वाऱ्यावर सुकवायचा. उन्हात नाही, इस्त्रीखाली तर नाहीच. झटकायचा नाही. प्रत्येक कपडा वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवायचा. नीट सुकलेला डाग कित्येक वर्षांनंतरही बोलतो. ओला आठवडाभरात मुका होतो. माझ्याकडे एकदा एक लाखबंद पुडकं आलं. सील शाबूत, सह्या जागच्या जागी, पंचनामा मोत्यासारख्या अक्षरात. उघडलं तर आत हिरवट-काळी बुरशी आणि टेबलापासून दारापर्यंत वास. ते पुडकं मालखान्यात सात महिने पडून होतं. वरच्या सीलवर एक ओरखडा नव्हता, आणि आतला पुरावा केव्हाच संपला होता.

रुग्णालयांचंही तेच. डीएनएसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं असतं. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपरिन असतं, आणि ते पुढच्या प्रक्रियेत खोडा घालतं. शवविच्छेदनातला ऊतीचा तुकडा डीएनए खराब करणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवणारे तर अजूनही आहेत.

आणि स्वच्छता म्हणजे फक्त जंतू मारणं नव्हे. जर्मनीत हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या कितीतरी गुन्ह्यांत सापडत होता. पोलीस त्या बाईच्या मागावर वर्षानुवर्षं होते. २००९ मध्ये उलगडा झाला, तो डीएनए कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. आपल्याकडे हातमोजे न घालता, बोलत बोलत, शिंकत मुद्देमाल हाताळणारे पाहिले की मला ती बाई आठवते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांबाबत निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोचवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची आहे. नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, याची नोंदवहीही ठेवायची आहे. हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं!

आता तुमचं. ‘डीएनए मिळाला नाही’ आणि ‘डीएनए जुळला नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिळाला नाही, याचा अर्थ कपडा काही सांगू शकला नाही, इतकाच. आरोपी तिथे नव्हता असा अर्थ कुणी काढत असेल, तर तो खोटा. हत्यार, नखांची कात्रणं, आरोपीचे कपडे यांचा सी.ए. रिपोर्ट (सरकारी रासायनिक विश्लेषकांचा अहवाल) आला का, ते सरकारी वकिलांना विचारा. उरलेल्या डागांवर पुन्हा प्रयत्न होऊ शकतो का, हेही त्यांच्यामार्फत न्यायालयात मांडता येतं. आरोपी सुटेल की नाही, हे न्यायाधीश साक्षी-पुरावे बघून ठरवतील. ते माझं काम नाही.

प्रश्न : घरबसल्या पितृत्व चाचणीच्या किटची जाहिरात पाहिली. टूथब्रश कुरिअरने पाठवायचा, ‘९९.९९ टक्के खात्री’. बायकोला न सांगता करता येईल, कोर्टातही चालेल असं फोनवर म्हणाले. करू का?

करू नका.

टूथब्रश नक्की कुणाचा, हे कोण शपथेवर सांगणार? न्यायालयासाठीचा नमुना ओळख पटवून, साक्षीदारांसमोर, सीलबंद घेतात. फोनवरचा माणूस विक्री करत होता. ती टक्केवारी किती ठिकाणं तपासली, आईचा नमुना होता का, यावर अवलंबून असते. एखाद्या ठिकाणी आकडा जुळला नाही, तर ते नैसर्गिक उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत आपोआप झालेला बदलही असू शकतो. संशय तुमच्याच सख्ख्या भावावर असेल तर हिशेबच बदलतो. यातलं काही त्या चकचकीत पाकिटावर छापलेलं नसतं.

कायदाही समजून घ्या. वैध लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (पूर्वीचं ११२) धरून चालतं. महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने समोर आलेल्या डीएनए अहवालाला या गृहीतकापेक्षा अधिक वजन दिलं, हे खरं. पण पुण्यातून गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात २०२३ साली त्याच न्यायालयाने बजावलं की आई-बापांच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करायची नाही. मुलालाही त्याचं खासगीपण आहे. तुमचं मूल किती वर्षांचं आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलंसुद्धा नाही. आधी समुपदेशकाकडे जा, मग कौटुंबिक प्रकरणांच्या वकिलाकडे.

प्रश्न : मुलाला क्रिकेटला घालावं की गाण्याला, हे डीएनएवरून कळतं का? शाळेबाहेर स्टॉल लागला होता.

नाही, पैसे वाचवा. त्याच पैशात वधू-वरांची लग्नाआधी थॅलेसेमियासाठी रक्ततपासणी होते. घरात कुणाचं लग्न ठरत असेल, तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

प्रश्न : वडील वारले. सावत्र भाऊ म्हणतात आम्ही त्यांची मुलंच नाही. अस्थींचा कलश घरी आहे. त्यावरून डीएनए निघेल ना?

चितेच्या आगीतून गेलेल्या अस्थींतून उपयोगाचा डीएनए मिळण्याची आशा जवळजवळ नसते. तो कलश घेऊन प्रयोगशाळांच्या पायऱ्या झिजवू नका. वडिलांचे सख्खे भाऊ-बहीण हयात असतील, तर त्यांच्याशी तुलना करता येते. तुम्ही मुलगे असाल, तर बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र काकांचं आणि तुमचं जुळतं का तेही बघता येतं. पण जुळलं तरी ‘एकाच घराण्यातले’ एवढंच सिद्ध होतं. वडिलांची कधी बायॉप्सी झाली होती का? झाली असेल, तर मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात असू शकतो. त्यातून डीएनए पुष्कळदा मिळतो. हे ठोकळे कायमचे ठेवत नाहीत, ठरावीक वर्षांनी टाकून देतात. त्यामुळे वकिलांना गाठून, ठोकळा जपून ठेवण्याचा लेखी अर्ज आधी द्या आणि त्याची पोच घ्या.