फ्लोरिडातील झऱ्यांचा किनारा

प्रश्न : आम्ही उभयता येत्या डिसेंबरात मुलीकडे टॅम्पाला जात आहोत. थीम पार्क आणि गजबजलेले किनारे टाळून जवळचा ‘नेचर कोस्ट’ पाहावा, असे मनात आहे. मला पोहता येत नाही. तरी तेथे जाणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य जावे. मात्र किनारा म्हटल्यावर भाट्याची पुळण आपल्या डोळ्यांपुढे येत असेल, तर तशी ती येथे नाही. टॅम्पाच्या उत्तरेचा हा किनारा उथळ व दलदलीचा असून खाऱ्या गवताने भरलेला आहे, आणि मोठ्या हॉटेलांपासून तो बचावला त्याचे हेही एक कारण आहे.

खरे वैभव आहे ते झऱ्यांचे. चुनखडीत मुरलेले पावसाचे पाणी भेगांतून वर येते आणि बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस राहते. मेक्सिकोच्या आखाताचे पाणी २० अंशांखाली उतरले की मॅनाटी या अवाढव्य, शाकाहारी जलचराला ते सोसत नाही, म्हणून हिवाळाभर शेकडो मॅनाटी क्रिस्टल रिव्हर या गावातील झऱ्यांत आसऱ्याला येतात. त्यांच्यासाठीच १९८३ साली तेथे अभयारण्य स्थापन झाले. तेथील थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज या झऱ्यांच्या काठाने लाकडी पायवाट असल्याने पोहता न येण्याची अडचण मुळीच नाही. कडक थंडीच्या सकाळी लवकर जावे. नितळ पाण्यातून एक करडे धूड सावकाश वर येते, दोन नाकपुड्या उघडतात, श्वासाचा फुत्कार ऐकू येतो आणि ते पुन्हा तळाशी जाते. अनेकांच्या पाठीवर पांढरे व्रण दिसतील. ते मोटरबोटींच्या पंख्यांचे आहेत.

मुलीला पाण्यात उतरायचे असल्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु मॅनाटीचा पाठलाग करण्यास आणि दोर बांधून राखलेल्या भागात शिरण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्यांना हातही लावू नये, असे मी कळकळीने सांगेन; कारण बिचकून ऊब सोडून गेलेला प्राणी थंड पाण्यात दगावू शकतो.

एक दिवस उत्तरेकडील सीडर की या कोळ्यांच्या गावासाठी ठेवावा. १९९५ साली मोठ्या जाळ्यांवर बंदी आल्यावर येथील अनेक मच्छीमार शिंपल्यांच्या शेतीकडे वळले. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने गावाचे फार नुकसान केले, तेव्हा मुक्कामाची सोय आधी विचारून घ्यावी; जेवण मात्र गावातच करावे, आणि आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या त्या शिंपल्यांचे सूप चुकवू नये.