मुलीला साल्मन पकडायला कसं शिकवावं? तुम्ही लहानपणी कसे शिकलात?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच सिॲटलला आलात, मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला साल्मन पकडायची फार हौस आहे. मी याच शहरात नऊ वर्षांचा असताना शिकलो. कसं, ते सांगतो.

साल २००३. विषम साल होतं, हे महत्त्वाचं. पुजेट साउंडमध्ये, म्हणजे सिॲटललगतच्या समुद्राच्या खाडीत, पिंक नावाच्या जातीचे साल्मन विषम सालीच झुंडीने येतात, कारण या जातीचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. ऑगस्टमध्ये ते किनाऱ्याला धरून जातात. मासा दीड-दोन किलोचा, म्हणजे लहान हातांना झेपणारा. शिकायला याच्याइतका चांगला मासा नाही.

बाबा रत्नागिरीचे, खाडीवर गरवण्यात वाढलेले. त्यांची सवय म्हणजे गरीला कोळंबी लावून बसायचं आणि ओढ लागली की हिसका द्यायचा. वेस्ट सिॲटलला लिंकन पार्कच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ती सवय चालेना. शेजारी उभ्या असलेल्या एका फिलिपिनो आजोबांनी आम्हा दोघांना पहिल्यापासून शिकवलं. आमिष नाही, नुसता गुलाबी रंगवलेला धातूचा तुकडा. लांब फेकायचा, रॉडने वर उचलायचा, मग खाली पडू द्यायचा. मासा धरतो तो पडतानाच. इथे समुद्रात साल्मनसाठी गळाला उलटा काटा चालत नाही, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडली की मासा गेलाच. माझा पहिला असाच गेला. आनंदाने बाबांकडे वळलो आणि रॉड खाली आला. खूप रडलो.

दुसरा लागला तो पिंक नव्हता, कोहो होता, साल्मनचीच दुसरी जात. आजोबांनी त्याला पाण्यातच ठेवून माझं बोट त्याच्या पाठीवर नेलं. शेपटीच्या जरा अलीकडे नखाएवढा एक पर होता, आत काटा नसलेला, कानाच्या पाळीसारखा मऊ. मत्स्यबीज केंद्रात पिल्लं सोडण्याआधी हा पर कापतात. कापलेला असेल तर केंद्रातला मासा, शाबूत असेल तर बहुधा नदीत जन्मलेला. याचा शाबूत होता, म्हणून सोडायचा. ओल्या हातांनी गळ काढला, मासा क्षणभर तळहातावर टेकून राहिला आणि शेपटीचा एक फटका देऊन गेला. त्या वेळी मला रडू आलं नाही.

म्हणून माझं मनापासून सांगणं आहे की मुलीच्या हाती रॉड देण्याआधी तिला मासा बघायला शिकवा. बॅलार्ड लॉक्सला, म्हणजे सिॲटलमधल्या बोटींच्या जलद्वारांपाशी, माशांना वर चढायला पाण्याच्या पायऱ्यांची शिडी आहे आणि तिला काचेच्या खिडक्या आहेत, तिथून वर चढणारे साल्मन अगदी जवळून दिसतात. शरद ऋतूत सिॲटलजवळच्या इसाक्वा गावातल्या मत्स्यबीज केंद्रात परतलेले कोहो आणि चिनूक (साल्मनची आणखी एक जात) असतात. तोंड आतून आणि हिरडी, दोन्ही काळं असलं तर चिनूक. शेपटीवर मोठे लांबट ठिपके असले तर पिंक. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर टिपतात. नदीतला चिनूक इथे १९९९ पासून धोक्यातल्या यादीत आहे, त्यामुळे ही ओळख खेळ म्हणून नाही, गरज म्हणून करून द्या.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना लायसन लागत नाही, पण पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड लागतं. नियम दर हंगामाला बदलतात, निघण्याआधी राज्याच्या मत्स्य विभागाचे ताजे नियम बघा.

आणि बर्फ न्या. पिंकचं मांस फार नाजूक. पकडल्याबरोबर कल्ला कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात ठेवा. आई त्याचं बांगड्यासारखं तिरफळ-कोकम घालून कालवण करायची, अजूनही करते.