चर्चच्या गटासोबत मेळघाटात घरदुरुस्तीला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातल्या मैत्रिणीचा चर्चचा गट उन्हाळ्यात मेळघाटात पडकी घरं दुरुस्त करायला जाणार आहे. तुम्ही ख्रिस्ती नाही, बांधकामातलं काही येत नाही. तर जावं का, आणि तिथे धर्मप्रचार करावा लागेल का?

जा. मी मेळघाटाच्या पायथ्याच्या परतवाड्याकडची आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघासोबत दर उन्हाळ्यात हेच काम करते, म्हणून खात्रीने सांगते.

काम येत नाही याची चिंता सोडा. ज्यांना येतं ते गावातच असतात. इथल्या कोरकू आदिवासी माणसाला स्वतःचं घर बांधता येतं. कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप आणि वर नळीची कवेलू, म्हणजे कौलं, हे तो बापाकडून शिकलेला असतो. अडतं ते घरात एकटी म्हातारी असते तिथे, नाहीतर कर्ता माणूस आजारी किंवा बाहेरगावी मजुरीला गेलेला असतो तिथे. वानरांनी उड्या मारून कवेलू फोडलेली, कामट्या (बांबूच्या पट्ट्या) उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लेल्या, आणि दोन-तीन पावसाळे तसेच गेलेले. अशा घराला हात हवे असतात. डोकं गावच्या मिस्त्रीचं, हात तुमचे. त्या मिस्त्रीला गटाने पूर्ण मजुरी द्यायला हवी. आपण फुकट राबतो म्हणून त्यानेही फुकट राबावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

कवेलू फेरायचं काम एकदा बघाच. आढ्यापासून खाली एकेक ओळ उतरवायची, माणसांची रांग लावून हातोहात खाली द्यायची. खाली बसलेल्या बाया प्रत्येक कवेलू बोटाने वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. तुटकी फेकायची घाई करू नका, ती भाजणारे कुंभार आता फार थोडे उरलेत आणि अर्धं कवेलूसुद्धा कडेला कामी येतं. मग कुजक्या कामट्या बदलायच्या आणि वळचणीकडून वर आढ्यापर्यंत पुन्हा चढवत न्यायची, म्हणजे वरच्या ओळीचं पाणी खालच्या ओळीवर पडतं. हातमोजे न्या. कवेलूंखाली विंचू असतात, हात घालण्याआधी काडीने हलवून बघायचं.

मातीचं काम त्याहून सोपं वाटतं, पण जीव काढतं. पांढरी माती आदल्या रात्री भिजवायची, सकाळी त्यात कुटार (भुसा) टाकून पायाने तुडवायची. काळी माती घेतली तर वाळताना तडे जातात. लेप बाया देतात, आपण टोपली पुरवायची.

गट कधी जातोय तेवढं विचारून घ्या. होळीला सगळा मेळघाट गावी परततो, पण त्याच्या मागेपुढे मोहाची फुलं टपकायला लागतात आणि पहाटेच घरदार ती वेचायला रानात जातं. त्या दिवसांत सकाळी सातला जाऊन घरमालकाला हाका मारणं बरं नाही. मे महिन्यात धारणीच्या बाजूला ऊन इतकं असतं की काम पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबवावं लागतं. पण मृग लागायच्या आत छप्पर झालंच पाहिजे. एक आजी आम्हाला रोज एकच विचारायची, “पान्याच्या आंधी होऊन जाईन नं बाई?” अर्धं उघडं छप्पर टाकून परत येणाऱ्या गटापेक्षा न गेलेला गट बरा.

बांबू-लाकूड कुठून येणार तेही विचारा. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, जंगलातून परस्पर तोडून आणायचं नाही. आणि उत्साहाच्या भरात कोणाला सिमेंटच्या भिंती, पक्कं छप्पर करून देऊ नका. प्रधानमंत्री आवास योजनेत डोंगराळ भागात घरकुलासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात, पण भिंती किंवा छप्पर पक्कं असलं तरी घर त्यातून बाद होऊ शकतं. यादीत नाव असलेल्या कुटुंबाचं आपण भलं करायला जाऊन नुकसान करू. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) भेटायचं.

आता धर्माचं. मी ख्रिस्ती आहे आणि हे काम प्रभूसाठी करते, ते लपवत नाही. या भागात आमच्या लोकांची सेवा जुनी आहे. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना मिशननेच उभा केला. पण म्हणूनच मला ठाम वाटतं की कवेलूच्या बदल्यात काहीही मागायचं नाही. प्रार्थनेला बसा म्हणायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, गळ्यात काय आहे ते बघून घर निवडायचं नाही. आपला धर्म सांगायचा हक्क घटनेच्या कलम २५ ने दिलाय, तरी डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसापुढे तो हक्क वापरला तर त्याला नाही म्हणता येत नाही. अडलेल्याकडून घेतलेला होकार मी होकार मानत नाही. आमची प्रार्थना पहाटे मुक्कामावर होते. तुम्हाला बसायचं तर बसा, नाहीतर तेवढ्यात चहा ठेवा. कोणी वावगं मानणार नाही.

कोणती घरं घ्यायची हे ग्रामसभेत ठरायला हवं. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासी भागांसाठी ठरवलेल्या क्षेत्रात, आहेत, तिथे ग्रामसभेचा शब्द मोठा. मैत्रिणीला सरळ विचारा: घरांची यादी कोणी केली? पाळकसाहेबांनी (चर्चच्या पास्टरांनी) एकट्याने केली असेल तर आधी गावाशी बोला म्हणावं. गट तेवढंही करायला तयार नसेल तर त्याच्यासोबत जाऊ नका, दुसरा गट शोधा.